'सातबारा' नावाचा फोल्डर कॉम्प्युटरवर सापडत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. वडिलांनी पाच-सहा वर्षांपूर्वी जमिनीचे सगळे कागद स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवले. नाव 'सातबारा' किंवा तसंच काहीतरी, नक्की आता त्यांनाही आठवत नाही. बँकेच्या कर्जप्रकरणासाठी ते कागद हवे आहेत. कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, सी आणि डी असे दोन ड्राइव्ह आहेत. स्टार्टच्या शोधात नाव टाकलं तर इंटरनेटवरचे निकाल येतात. डी ड्राइव्ह उघडून कोपऱ्यातल्या चौकटीत टाकलं तर वरची हिरवी पट्टी कितीतरी वेळ सरकत राहते आणि शेवटी नको त्या फायलींचा ढीग पुढे येतो. त्यात फोल्डर दिसत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की फक्त फोल्डरची नावं शोधायची काही सोय आहे का.

सोय आहे, आणि ती विंडोजमध्येच आहे. पण नुसती ती सांगून मी थांबलो तर उद्या तुम्ही पुन्हा तिथेच अडकाल, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. शोध भलत्या जागी चालला आहे, ही एक. शोध नावांबरोबर फायलींच्या आतला मजकूरही चाळतो आहे, ही दुसरी. आणि तुम्ही जे नाव टाकता ते डिस्कवर तसं लिहिलेलंच नसण्याची शक्यता मोठी आहे, ही तिसरी. मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. 'फोल्डर गायब झाला' म्हणून बोलावणं येतं तेव्हा फोल्डर बहुतेक वेळा डिस्कवर शाबूत असतो आणि या तिघांपैकी एका कारणाने डोळ्यांआड राहिलेला असतो. खरोखर पुसला गेलेला फोल्डर त्या मानाने क्वचित भेटतो. त्यामुळे आधी घाबरू नका, आणि घाईघाईत कॉम्प्युटर फॉरमॅट तर मुळीच करू नका.

आधी जागेचं बघू. विंडोज आपल्या सोयीसाठी एक सूची बनवून ठेवतं आणि शोध आधी त्या सूचीत करतं. विंडोज १०मध्ये ही सूची मुळात 'क्लासिक' पद्धतीची असते. म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप एवढीच घरची ठिकाणं तिच्यात येतात. डी ड्राइव्ह त्यात नसतो. म्हणून स्टार्टमध्ये नाव टाकून काहीच मिळत नाही आणि ती रिकामी जागा इंटरनेटचे निकाल भरून काढतात. डी ड्राइव्ह उघडून तिथल्या चौकटीत शोधलं की सूचीचा आधार नसल्यामुळे विंडोज एकेक फोल्डर उघडून बघत जातं. ती हिरवी पट्टी म्हणजे हाच प्रवास.

सेटिंग्जमध्ये 'सर्च' आणि त्याखाली 'सर्चिंग विंडोज' इथे 'एनहान्स्ड' हा पर्याय निवडला की सगळा कॉम्प्युटर सूचीत येतो. विंडोज ११मध्ये हेच 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या खाली मिळतं. पण हे करावं का, ते तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. जुना कॉम्प्युटर, चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर सूची बनत असताना मशीन बराच काळ जड चालतं आणि घरातले सगळे वैतागतात. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर काही जाणवत नाही. एकाच फोल्डरसाठी मी हा उपद्व्याप करत नाही. पुढे सांगतो तो मार्ग हलका आहे.

आता तुम्ही विचारलेली सोय. 'धिस पीसी' उघडा म्हणजे दोन्ही ड्राइव्ह एकदम तपासले जातील. उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत क्लिक केलंत की, किंवा नव्या आवृत्त्यांत एकदा काहीतरी शोधलंत की, वरच्या पट्टीत 'सर्च' नावाचा टॅब येतो. त्यात 'काइंड' म्हणून बटण आहे, त्यावर क्लिक करून यादीतून 'फोल्डर' निवडा. चौकटीत आपोआप 'काइंड:=फोल्डर' अशी अक्षरं उमटतील. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नाव लिहा. एवढ्याने फायली गळून पडतात आणि निकालात फक्त फोल्डर उरतात. ही आज्ञा हातानेही टाइप करता येते. मी इथे देवनागरीत लिहितो आहे, तुम्ही ती इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

दोन बारकावे इथे लागतात. पहिला असा की सूचीतल्या ठिकाणी विंडोज शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवून बघतं. फोल्डरचं नाव 'जुनासातबारा' असं सलग लिहिलेलं असेल आणि तुम्ही 'सातबारा' शोधलंत तर तो निसटू शकतो. म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा लावा: *बारा*. ताऱ्याचा अर्थ 'इथे काहीही चालेल'. दुसरा बारकावा म्हणजे फोल्डर ऑप्शन्सच्या 'सर्च' टॅबमध्ये 'ऑल्वेज सर्च फाइल नेम्स अँड कंटेंट्स' असा एक चौकोन असतो. तिथे खूण असेल तर काढून टाका. ती खूण असली की सूचीबाहेरच्या प्रत्येक फाइलीच्या पोटात शिरून विंडोज मजकूर वाचत बसतं. तुमचा वेळ जातो तो बराचसा तिथेच, आणि तो नको असलेला ढीगही तिथूनच येतो.

हे झालं यंत्राचं. आता ज्याने माझा सगळ्यात जास्त वेळ जातो त्याकडे येतो, ते म्हणजे नाव.

आपण सगळे बोलताना 'सातबारा' म्हणतो आणि कागदावर ७/१२ लिहितो. पण विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही. दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणाच्या दोन खुणा आणि उभी रेघ अशी नऊ चिन्हं नावात निषिद्ध आहेत. तुमच्या वडिलांनी ७/१२ लिहायला घेतलं असेल तर रेघ उमटलीच नसेल, उलट एक सूचना फुग्यात आली असेल. मग माणूस काय करतो? मधे आडवी रेघ देतो, टिंब देतो, नुसती जागा सोडतो किंवा सगळं जोडून ७१२ लिहून मोकळा होतो. मी आजवर पाहिलेल्या शेतीच्या कागदांच्या फोल्डरांत हे सगळे प्रकार आहेत. 'सातबारा' असं शुद्ध देवनागरीत लिहिलेला फोल्डर त्यात क्वचित दिसतो.

म्हणून पूर्ण नाव शोधू नका, नावाचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात खात्रीचा तुकडा शोधा. आकडे इंग्रजीत टाकून *७?१२* असा शोध द्या. प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही एक चिन्ह'. आडवी रेघ, टिंब, जागा, तिन्ही यात येतात. जोडून लिहिलेल्यासाठी *७१२* वेगळं टाका. पहिल्या शोधात २०१७-१२ असे मोबाइलच्या फोटोंचे महिनावार फोल्डरही येतील, ते नजरेने गाळा. आकडे मराठीत टाइप केलेले असू शकतात, तेव्हा एकदा देवनागरी आकड्यांनीही बघा. संगणकाच्या लेखी इंग्रजी सात आणि मराठी सात ही दोन वेगळी अक्षरं आहेत.

मग अक्षरी तुकडे. वडील कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचे का, हे आधी विचारा. बहुतेक घरांत मराठी मोबाइलवर लिहिली जाते, कॉम्प्युटरवर नाही, आणि फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत मराठी अशी असतात. 'सातबारा'मधला पहिला 'सा' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन 'ए'नी. पण शेवटचा 'बारा' जवळजवळ सगळे सारखाच लिहितात, म्हणून इंग्रजीत 'बारा' एवढंच शोधा. 'उतारा'चंही तसंच. 'जमीन'मध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ असतो, तर 'जम' पुरे. 'फेरफार' कोणी 'एफ'ने लिहितो, कोणी 'पीएच'ने, म्हणून त्याच्याऐवजी दुसराच शब्द निवडा. आणि सगळ्यात भरवशाचा तुकडा म्हणजे गट नंबर. गट १४३ असेल तर १४३ शोधा. आकड्याला शुद्धलेखन नसतं. घरात गट नंबर तोंडपाठ असतो आणि फोल्डरला तोच देऊन ठेवणारी माणसं मला खूप भेटली आहेत. गावाचं नाव, भावकीचं नाव, शेताचं घरगुती नाव, हेही करून बघा. 'विहिरीचा मळा' या नावाने आख्ख्या जमिनीचे कागद ठेवलेले मी पाहिले आहेत.

नाव खरंच देवनागरीत असेल तर एक गोष्ट माहीत असायलाच हवी, आणि ती मराठीलाच जास्त नडते. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' दोन प्रकारांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, तर दुसऱ्यावर साध्या 'र'चा पाय मोडून त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. आत मात्र अक्षरांची मालिका वेगळी, आणि अक्षरं जशीच्या तशी जुळवणाऱ्या शोधाला ती दोन वेगळी नावं वाटतात. एका घरी 'कऱ्हाड प्लॉट' हा फोल्डर समोर दिसत होता आणि तेच नाव शोधलं की काहीच येत नव्हतं. फोल्डर बनवला होता एका कीबोर्डने, शोध चालला होता दुसऱ्याने. तिथे नुसतं 'हाड' शोधलं आणि तो लगेच आला. 'अ' वर चंद्र असलेल्या अक्षराचंही तेच आहे. 'ॲडमिशन', 'ॲग्रीमेंट' यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक कीबोर्डांवर ते 'अ' आणि चंद्र जोडून तयार होतं. म्हणून अशी अक्षरं शोधात घेऊच नका. 'ग्रीमें' एवढा मधला तुकडा टाका.

आणखी एक शक्यता. वडील कचेरीत किंवा छपाईच्या कामात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर टाइप करत असतील, तर त्या पद्धतीने फोल्डरचं नाव नीट देता येत नाही. दिलं तरी ते इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा म्हणून दिसतं. अशा माणसाने बहुधा सरळ इंग्रजीतच नाव दिलेलं असतं.

इथवर सगळं विंडोजच्या आत झालं. आता मी स्वतः काय वापरतो ते सांगतो, कारण विंडोजचा शोध मी गिऱ्हाइकाकडे जवळजवळ वापरतच नाही. 'एव्हरीथिंग' नावाचं व्हॉइडटूल्सचं एक लहानसं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. त्याच नावाने इतरत्र मिळणाऱ्या प्रतींच्या नादी लागू नका.

ते इतकं वेगवान का आहे हे समजलं की त्याच्या मर्यादाही समजतात. विंडोजचे घरातले ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीने मांडलेले असतात. त्या पद्धतीत डिस्कवर एक मुख्य नोंदवही असते, तिला 'मास्टर फाइल टेबल' म्हणतात. प्रत्येक फाइलीची आणि प्रत्येक फोल्डरची तिच्यात एक नोंद असते, नाव आणि तो कोणत्या फोल्डरच्या आत आहे यासकट. गावात कुठला गट कोणाच्या नावावर आहे हे शिवारभर हिंडून कोणी शोधत नाही, तलाठ्याच्या दप्तरात बघतो. एव्हरीथिंग तेच करतं, ते फोल्डर उघडत बसत नाही, दप्तर वाचतं. त्यांच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे ताज्या विंडोज १०मधल्या सुमारे १,२०,००० फायलींना साधारण एक सेकंद लागतो आणि दहा लाख फायलींना साधारण एक मिनिट. जुन्या फिरत्या डिस्कवर थोडं जास्त धरा. पण एकदा यादी झाली की पुढचा प्रत्येक शोध अक्षर टाइप होता होता निकाल देतो.

त्यात फक्त फोल्डर हवे असतील तर सुरुवातीला इंग्रजीत 'फोल्डर' आणि लगेच अपूर्णविराम द्या, मग तुकडा लिहा. तारे लावायची गरज नाही, ते नावाच्या मधलंही आपोआप धरतं. मात्र प्रश्नचिन्ह किंवा तारा वापरलात तर ते पूर्ण नावाशी जुळवून बघतं, म्हणून तेव्हा *७?१२* असे दोन्ही बाजूंचे तारे ठेवा. अनेक तुकडे एकदम बघायचे असतील तर त्यांच्यामध्ये उभी रेघ द्या आणि सगळ्यांना लहान-मोठेपणाच्या खुणांच्या कंसात घाला. माझा नेहमीचा पहिला शोध असाच असतो: फोल्डर:<बारा|उतारा|७१२|१४३>, त्यातला 'बारा' आणि 'उतारा' एकदा इंग्रजीत आणि एकदा देवनागरीत. निकालातला 'पाथ' म्हणजे पत्त्याचा रकाना नीट वाचा. फोल्डर मिळाला यापेक्षा तो कुठे मिळाला यात बहुतेक वेळा खरी गोष्ट कळते.

मर्यादा दोन. पेनड्राइव्ह आणि काही बाहेरच्या डिस्क एफएटी किंवा एक्सएफएटी पद्धतीच्या असतात. त्यांच्यात हे दप्तर नसतं, म्हणून त्या ऑप्शन्समध्ये 'फोल्डर्स'खाली हाताने जोडाव्या लागतात, आणि त्यांना वेळ लागतो. दुसरी मर्यादा झिपची. वडिलांनी किंवा स्कॅन करून देणाऱ्याने सगळे कागद एका झिपमध्ये बांधले असतील, तर डिस्कच्या दृष्टीने तो फोल्डर नाही, एक फाइल आहे. फक्त फोल्डर मागितलेत की तो गळतो. म्हणून फोल्डरचा शोध रिकामा गेला की तेच तुकडे फोल्डरची अट काढून एकदा टाका आणि झिप किंवा आरएआर शेपटाच्या फायली बघा.

नवीन काही बसवायचं नसेल, घरचा कॉम्प्युटर ऑफिसने दिलेला असेल, तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, आहेच. 'डीआयआर' ही जुनी आज्ञा, पुढे डी:\*बारा*, आणि शेवटी /एस /बी /एडी, हे सगळं इंग्रजीत. 'एस' म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत जा, 'बी' म्हणजे नुसता पत्ता दाखव, 'एडी' म्हणजे फक्त फोल्डर. लपवलेले फोल्डरही यात येतात हा तिचा मोठा गुण. देवनागरी नावं त्या काळ्या खिडकीत चौकोन होऊन दिसू शकतात, पण पत्त्याच्या इंग्रजी भागावरून जागा कळते. मॅक असेल तर फाइंडरमध्ये कमांड आणि एफ दाबून 'काइंड' 'फोल्डर' करायचं, तिथे एवढं पुरतं.

तर आत्तापर्यंतचा क्रम असा धरा: तुकडा लहान, फक्त फोल्डर, आख्खा कॉम्प्युटर, आणि मग अट सैल करत जायचं. यातून फोल्डर आला तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही आला, तर जागांचा विचार करू.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. माउसचं बटण दाबलेलं असताना हात जरा सरकतो आणि एक फोल्डर दुसऱ्याच्या पोटात जातो. कोणाला कळतही नाही. 'सातबारा' हा 'लग्नाचे फोटो'मध्ये सापडला तर आश्चर्य मानू नका. एव्हरीथिंगमध्ये तो लगेच दिसेल, पाथ वाचला की उलगडा होईल.

दुसरी जागा म्हणजे वडिलांचा स्वतःचा लॉगिन. घरात दोन खाती असतील, तर त्यांचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवर 'युजर्स'मध्ये त्यांच्या नावाखाली असतं. तुमच्या खात्यातून विंडोजचा शोध तिथे शिरत नाही आणि शिरलो नाही असं सांगतही नाही. प्रशासकाच्या अधिकाराने ते उघडता येतं, किंवा सरळ त्यांच्या खात्यात लॉगिन करा.

तिसरी, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण. विंडोज कधीतरी 'तुमच्या फोल्डरांचा बॅकअप घेऊ का' असं विचारतं आणि आपण होय म्हणून टाकतो. त्यानंतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत सरकतात. जुन्या डॉक्युमेंट्समध्ये गेलं तर ते रिकामं दिसतं आणि माणसाचा जीव घाबरा होतो. सगळं असतं, एक पायरी आत. मधल्या काळात विंडोज नव्याने टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' आहे का तेही बघा. ते काही दिवसांनी आपोआप साफ केलं जातं, तेव्हा असेल तर आजच कागद काढून घ्या.

आणि चौथी गोष्ट, जी आपल्याकडे फार होते. कागद झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणले होते का? तिथल्या मशीनवर शॉर्टकट करणारा व्हायरस असला, तर तो पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बाहेर ठेवतो. फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो, त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरवर येतो. असं दिसलं तर क्लिक करू नका. आधी अँटीव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'अ‍ॅट्रिब' ही आज्ञा, तिला वजा एच, वजा एस, वजा आर असे तीन पर्याय, पुढे पेनड्राइव्हचं अक्षर घालून \*.* आणि शेवटी /एस /डी. पेनड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा, ही आज्ञा चुकून सी ड्राइव्हवर चालवू नका. लपलेले फोल्डर जसेच्या तसे वर येतात. एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स'ला खूण करून हे फोल्डर दिसत नाहीत, कारण त्यांना सिस्टिमचे म्हणूनही खूण केलेली असते.

एवढं करूनही फोल्डर नावाने हाती लागला नाही, तर फोल्डरचा नाद सोडा आणि आतल्या फाइलीवरून या. कागद मोबाइलवरून स्कॅन केलेले असतील तर त्या काळात बहुतेकांकडे कॅमस्कॅनर होतं. जून २०२०मध्ये सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी आणली त्यात ते गेलं, पण त्याआधीच्या फायलींच्या नावाची सुरुवात बहुधा 'कॅमस्कॅनर' किंवा 'न्यू डॉक' आणि पुढे तारीख अशी असते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कागदांच्या नावात 'डीओसी', मग आठ आकडी तारीख, मग 'डब्ल्यूए' असतं. ही नावं माणसाने दिलेली नसल्यामुळे त्यांत चूक नसते, हाच त्यांचा फायदा. एक जरी फाइल मिळाली तरी निकालात तिच्यावर उजवं क्लिक करून 'ओपन पाथ' म्हणा. ज्या फोल्डरमध्ये जाऊन पोहोचाल त्याचं नाव वाचलं की वडिलांना लगेच आठवेल.

तारखेवर मात्र फार विसंबू नका. फोल्डरपुढे दिसणारी बदलाची तारीख ही त्यात थेट काही टाकलं, काढलं किंवा नाव बदललं तेव्हाची असते. आतल्या उपफोल्डरमधल्या बदलाने ती हलत नाही. आणि जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर सगळं कॉपी केलं असेल तर बनवल्याची तारीख ही कॉपीच्या दिवसाची असते. तुमचा हा कॉम्प्युटर पाच वर्षांत बदलला आहे का, यावर हे सगळं ठरेल.

शेवटची शक्यता, फोल्डर पुसला गेला. एव्हरीथिंगमध्ये दोन्ही ड्राइव्ह यादीत आहेत याची खात्री केली, सगळे तुकडे बघितले, फायलींवरूनही शोधलं आणि काहीच नाही, तर आता तो या डिस्कवर नाही असं मी म्हणेन. रिसायकल बिन बघा. वनड्राइव्हच्या किंवा गुगल ड्राइव्हच्या संकेतस्थळावर जाऊन तिथली कचरापेटी बघा. साधारण ३० दिवस तिथे वस्तू राहते, म्हणून जुन्या गोष्टीसाठी आशा कमी. एखाद्या जुन्या डिस्कवर किंवा जुन्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कवर कागद राहिले असतील, ती घरात कुठे आहे ते विचारा. ती डिस्क जोडून वरचा सगळा शोध तिच्यावर पुन्हा करा.

परत मिळवायचा प्रयत्न करणार असाल तर त्या ड्राइव्हवर एकही नवी गोष्ट लिहू नका, परत मिळवणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर बसवू नका. पुसलेल्या फाइलीची जागा मोकळी धरली जाते आणि पुढची कुठलीही नवी फाइल तिच्यावर बसू शकते. फिरत्या डिस्कवर बऱ्यापैकी आशा असते. एसएसडीवर ती फार थोडी, कारण पुसलेली जागा डिस्क स्वतःच लवकर रिकामी करून टाकते.

या सगळ्यात तुमची बँकेची तारीख अडू देऊ नका. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ८-अ (खात्याचा उतारा) महाभूमीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या, संकेतस्थळावरून नव्याने काढता येतो, त्याला अगदी थोडं शुल्क आहे. जुने फेरफार अनेक तालुक्यांचे 'आपले अभिलेख'वर स्कॅन होऊन आलेले आहेत. बँकेला बहुधा ताजाच उतारा हवा असतो. पण त्या फोल्डरमध्ये वडिलांनी जुन्या मोजणीची नक्कल किंवा भावकीतल्या वाटणीचं हाताने लिहिलेलं टाचण ठेवलं असेल, तर ते कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. म्हणून उतारा आजच काढून घ्या आणि शोध मात्र निवांतपणे चालू ठेवा. डी ड्राइव्ह कोणत्या पद्धतीचा आहे हे त्याच्यावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये दिसेल. ते, आणि वडील टाइप मराठीत करायचे की इंग्रजीत, एवढं कळवा. पुढचा शोध कुठून सुरू करायचा ते मी सांगतो.